दुसरा चापान

अंगावर चापान चढला की सापारच्या मानेवर काटा उभा राहायचा. भाषण संपलं, टाळ्या झाल्या की कुणीतरी साहेब स्टेजवर यायचा, भरतकामाचा लांब झगा, म्हणजे चापान, त्याच्या खांद्यांवर टाकायचा, डोक्यावर पांढरी टोपी बसवायचा, आणि लोक पुन्हा टाळ्या वाजवायचे. बिश्केक शहरातल्या घरात त्याच्या बायकोनं, बुरूलनं, एक आख्खं कपाट त्या चापानांनी भरून ठेवलं होतं. "एका लग्नातले सगळे व्याही सजतील एवढे झाले," ती म्हणायची. सापार हसायचा, पण त्या कपाटाला त्यानं कधी हात लावला नाही. चापान मानाचा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चापानाचं दुसरंही एक काम असतं, आणि सापारच्या वाट्याला ते आधी आलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांतून रक्त गळत होतं.

तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि चोंग-बुलाक गावात त्याच्या तोडीचा घोडेस्वार नव्हता. शरद ऋतू होता, कुणाच्या तरी लग्नाचं जेवण होतं, आणि जेवणानंतर मैदानात उलाक, बकरं उचलून पळवायचा घोडेस्वारांचा खेळ. मुंडकं छाटलेलं बकरं मातीत पडलेलं, त्याच्यावर सगळ्या घोड्यांची झुंबड. उलाकात हाडं मोडतात, कान फाटतात, घोडे एकमेकांना चावतात. त्याची तक्रार करणाऱ्याला लोक बायकांच्या तंबूत जाऊन बस म्हणतात. सापारनं चाबूक दातात धरला, खाली झुकून बकऱ्याचा पाय उचलला, मांडीखाली दाबला आणि घोडा वळवला. समोर दोरोन आला. दोरोन म्हणजे गावच्या अध्यक्षाचा मुलगा. आज बकरं मीच नेणार असं तो सकाळपासून पोरींना ऐकवत फिरत होता.

त्याचा पहिला फटका सापारच्या डाव्या डोळ्यावर बसला. हे होतं. खेळात हात चुकतो. सापारनं तोंड फिरवलं, पण बकरं सोडलं नाही. तेव्हा दोरोननं घोडा पुढं घातला, नीट पाहिलं आणि दुसरा फटका उजव्या डोळ्यावर मारला. चाबकाच्या टोकाला त्यानं तांब्याची तार गुंडाळली होती, म्हणजे हात चुकायच्या आधीपासूनच मन तयार होतं.

सापारचा धाकटा भाऊ बोलोत शेजारीच होता, आपल्या तांबड्या घोडीवर. त्यानं घोडीवरूनच दोरोनच्या हाताला मिठी मारली आणि तो लोंबकळत राहिला. दोरोननं चाबकाच्या दांड्यानं त्याचं नाक फोडलं, दोनदा, तीनदा, आणि घोडा पळवत त्याला मैदानाच्या कडेपर्यंत फरफटत नेलं. तरी बोलोतनं हात सोडला नाही. लोकांनी येऊन बोटं सोडवली.

आता ऐका, खरा घाव इथून पुढं आहे. दवाखान्यात न्यायला गाडी आली होती. इंजिन चालू होतं. सापार मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, डोळ्यांवर ओला टॉवेल. पण गाडी हलली नाही, कारण तंबूत गावचे अक्साकाल, पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे, बसले होते. डॉक्टर विचारणार, काय झालं. मग काय सांगायचं, ते आधी ठरायला हवं होतं. दोरोनची पोलीस अकादमीत निवड झाली होती. खटला झाला तर पोराचं वाटोळं, आणि गाव दोन तुकडे. वेळेवर आणलं असतं तर उजवा डोळा थोडा वाचला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाला. ते वाक्य सापारच्या आईनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. सापारनं मात्र ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तंबूत दंड ठरला: एक घोडा आणि एक चापान. आणि दवाखान्यात सांगायचं, घोड्याची टाप लागली. आता टाप म्हटली की घोडा आला, आणि घोडा आला की मालक आला. कोण मालक? शेवटी सापारचा बापच म्हणाला, "माझ्या धाकट्याची घोडी." आपलेच दात, आपलेच ओठ, घरातल्या घरात कोण कुणावर खटला भरणार? म्हातारे सुटकेचा श्वास सोडून उठले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, चहा पिता पिता दिली जाते.

मग अध्यक्ष स्वतः गाडीपाशी आला आणि त्यानं नवा चापान सापारच्या अंगावर टाकला. दंडाचा घोडा आणि चापान घेतला की तोंड मिटायचं. पुन्हा उघडायचंच असेल तर आधी दोन्ही परत करायचे, चार लोकांदेखत. चापानाचा साटीन गार होता. बुबुळांतून निघणारं गरम रक्त त्या गार कापडावरून ओघळत हनुवटीखाली गेलेलं सापारला आजही आठवायचं. मग गाडी निघाली.

गोष्ट खरी वाटावी म्हणून बापानं त्याच आठवड्यात तांबडी घोडी कापली. माणसाचे डोळे काढणारी घोडी कोण ठेवतं? तिचं डोकं धरायला बोलोतला उभा केला. फुटलेल्या नाकावर फडकं बांधून त्या पोरानं तिची मान दाबून धरली आणि बापानं सुरी फिरवली. आंधळा सापार घरात पडून होता. घोडी शेवटी जी ओरडली ती त्यानं ऐकली, आणि बोलोत ओरडला नाही तेही ऐकलं.

दोन वर्षांनी एका लग्नात बोलोत प्यायला आणि बोलला. सगळं बोलला, चाबूक, तार, गाडी. तोवर दोरोन पोलिसात लागला होता. दुसऱ्या दिवशी बोलोतला उचललं. पाण्यानं भरलेल्या बाटल्यांनी मारलं, म्हणजे वळ दिसत नाहीत. तो परत आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि लघवीला रक्त जात होतं. बापानं त्याला अंगणात उभं करून वर आणखी मारलं. "चापान घेतलाय आपण! माझी दाढी मातीत घालतोस?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोलोत महिनाभरात रशियाला निघून गेला, उंच इमारतींवर विटा चढवायला.

आणि सापार? दंडाचा घोडा विकून बापानं त्याला बिश्केकला पाठवलं, आंधळ्यांच्या मालिशवर्गाला. पोराची बोटं घोड्याच्या लगामावर तयार झालेली. वर्षभरात तो कुस्तीच्या एका आखाड्यात लागला. पैलवानांच्या पाठी, खांदे, निखळलेले गुडघे. एकदा आखाड्याची पोरं स्पर्धेत सपाटून हरून आली आणि उस्ताद वैतागून म्हणाला, "सापार, तूच बोल रे यांच्याशी. माझ्या शिव्या आता यांना अंगाई वाटतात."

सापार बोलला. पडणं कसं असतं ते सांगितलं. सकाळी जाग येते आणि सकाळ झालेली कळत नाही, तरी उठावं कसं ते सांगितलं. पोरं एवढी गप्प झाली की छतावर चालणारं कबूतर ऐकू आलं. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्या आवाजाला लगाम आहे आणि तो आपल्या हातात आहे. खोटं कशाला बोलू, गडी बोलायचाच तसा. दगडाला पाझर फुटावा.

मग त्याला नुरजामाल भेटली. मोठमोठी भाषणं भरवणारी बाई, सगळे तिला जामाल एजे, म्हणजे जामालताई, म्हणत. तिनं त्याचं भाषण ऐकलं आणि नाक मुरडलं.

"चांगलं आहे. पण रडू येत नाही रे. डोळे कुणामुळं गेले?"

"घोड्याची टाप लागली."

"कुणाच्या घोड्याची?"

मग वर्षानुवर्षं सगळं गाव सांगत होतं तेच त्यानं सांगितलं. "धाकट्या भावाच्या घोडीची."

"अगं बाई! आणि हे तू लपवून ठेवलंस? भावाला माफ केलंस की नाही?"

"केलं," सापार म्हणाला. एका शब्दाचं काम होतं.

"मग झालं. शेवटी तेच सांगायचं. आधी घोडी, मग अंधार, मग माफी. बघ लोक कसे हंबरडा फोडतात ते."

आणि लोकांनी फोडला. बँकेचे कारकून, मोबाइल विकणारी पोरं, शिक्षिका, सैनिक, सगळे. "मी माझ्या भावाला माफ केलं," असं म्हणून सापार थांबायचा, आणि अंधारात बायकांच्या पर्सच्या चेनी उघडायचा आवाज यायचा, रुमालांसाठी. तो आवाज त्याला फार आवडायचा. कुठल्याही मालिशपेक्षा जास्त. त्याची भाषणं फोनवर फिरू लागली, शहरात त्याला लोक हाताला धरून रस्ता ओलांडून देताना म्हणायचे, "तुम्हीच ना ते, भावाला माफ करणारे?"

बुरूलला लग्नानंतर त्यानं खरं सांगितलं होतं. ती शिवणकाम करणारी बाई, तोंडाची फटकळ. "चापान घेतला होता तो गप्प बसायला," ती म्हणाली. "खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? दंडात ते नव्हतं."

"मी बांधलेला आहे, बुरूल."

"बांधलेला माणूस एवढा गावोगाव फिरतो होय?"

सापारनं ते बोलणं हसण्यावारी नेलं. पण मग तुरुंगातलं भाषण आलं.

कैद्यांसमोर बोलायचं होतं. कोंदट हॉल, मशेरीचा आणि ओल्या बुटांचा वास. सापार नेहमीसारखा घोडीपर्यंत आला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठून ओरडलं, "घोडीचं नाव घेऊ नकोस, सापार! मी चोंग-बुलाकचा आहे. त्या मैदानात होतो मी! तुझ्या भावानं..."

पुढचं वाक्य आलंच नाही. दंडुका बसला. ओल्या पोत्यावर फळी हाणावी तसा आवाज, मग दुसरा, मग बाक उलटल्याचा, मग तोंडात रक्त भरलेल्या माणसाचं गुळण्या केल्यासारखं बोलणं. त्यातूनही तो एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि तो शब्द बोलोतचं नाव होता. एक दात फरशीवर उडून सापारच्या बुटापाशी येऊन थांबला. त्याला तो टकटक करत येताना ऐकू आला.

"चालू ठेवा, बाइके," अधिकारी, थोरल्या भावाला हाक मारावी तसा, त्याच्या कानाशी आदबीनं म्हणाला. "माणूस जरा डोक्यानं आजारी आहे."

आणि सापारनं चालू ठेवलं! ते माणूस मारत होते तोवर हा म्हणाला, "आणि मी माझ्या भावाला माफ केलं." टाळ्या झाल्या. कैद्यांनीच शिवलेला चापान अंगावर आला. गाडीत बसल्यावर त्यानं खिडकीतून मान बाहेर काढून ओकाऱ्या काढल्या. बुरूलनं त्याच्या अंगावरचा चापान काढून मागच्या सीटवर भिरकावला. ते त्याला दंडुक्यापेक्षा जास्त लागलं.

त्या उन्हाळ्यात दोरोनच्या बापाला जाऊन वर्ष होत होतं आणि त्याच्या नावानं वर्षाचं मोठं जेवण ठरलं होतं, मागोमाग उलाक. दोरोन आता निवृत्त कर्नल होता आणि निवडणुकीला उभा राहणार होता. त्याचा स्वतःचा फोन आला. "सापार, आपल्या गावचा हिरा तू. तुझ्या भाषणाशिवाय जेवण कसं पचेल? सगळा जिल्हा येणार आहे." आवाजात साखर घोळलेली.

दुसरा फोन बोलोतचा होता. रशियातून तो कायमचा परत आला होता, चोंग-बुलाकला. बऱ्याच वर्षांत दोघं बोलले नव्हते.

"बाइके, येतोयस म्हणे."

"येतोय. कसा आहेस?"

"मी कसा असणार? मी तर माफ केलेला माणूस. इथली पोरं मला बघून डोळ्यांवर हात ठेवतात. येकातेरिनबुर्गमध्ये एका मजुरानं तुझं भाषण लावलं, सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी त्याचा फोन फोडला, त्यानं माझं डोकं फोडलं." तो खोकला. "एकच मागतो. गावासमोर तरी खरं बोल. एकदा. मग जगात जाऊन काय वाटेल ते बोल."

"बोलोत, चापान..."

"तुझ्या चापानाच्या आयला," बोलोत म्हणाला आणि फोन बंद झाला.

सापारनं वाटेत मधला मार्ग काढला. भित्र्या माणसाला मधला मार्ग फार लवकर सापडतो. "मी घोडीपर्यंत जाणारच नाही," तो गाडीत बुरूलला म्हणाला. "नुसतं उठण्याबद्दल बोलेन. कुणाचं नाव नाही, काही नाही." बुरूल गाडी चालवत होती. ती म्हणाली, "बघा तुमचं तुम्हीच."

मैदान तेच होतं. वास तोच: तुडवलेलं गवत, घोड्यांचा घाम, कढईतली चरबी. दोरोननं त्याला मिठी मारली, महागडं अत्तर, जाड पोट. पुढच्या ओळीत म्हातारे बसले होते. त्यातला माम्बेत एकटाच त्या तंबूतल्या दंडाच्या बैठकीचा उरलेला होता. तेव्हा तो म्हाताऱ्यांत सगळ्यात तरुण होता. त्यानं सापारचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

माइक हातात आला. सापारनं सुरुवात केली, पडणं, उठणं. आवाज मस्त लागला होता. आणि आवाज लागला की जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं जाते, जशी म्हातारी घोडी लगाम न ओढता घरी जाते. स्वतःच्याच तोंडून त्याला ऐकू आलं, "...आणि ती टाप होती माझ्या सख्ख्या भावाच्या घोडीची." थांबता आलं असतं. तो थांबला नाही. "पण आज, या मैदानात, मी सांगतो, मी माझ्या भावाला माफ केलं."

एकही चेन उघडली नाही. कुणी नाक ओढलं नाही. घोडे फुरफुरले. अर्ध्या गावाला खरं ठाऊक होतं, उरलेल्या अर्ध्याला त्या शांततेनं कळलं. मग डाव्या बाजूनं, घोड्याच्या उंचीवरून, कुणीतरी हसलं. ते हसणं बोलोतचं होतं.

दोरोननं प्रसंग सावरायला घेतला, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. माइक ओढून तो गरजला, "अशा माणसाला मान नको? आणा रे!" आणि एक घोडा आणला, लगामाची दोरी सापारच्या मुठीत दिली आणि स्वतःच्या हातानं सापारच्या खांद्यांवर चापान टाकला.

साटीन गार होता.

"दोरोन, थांब," माम्बेत म्हणाला. म्हाताऱ्याचा आवाज पातळ, पण माइक जवळ होता, सगळ्या मैदानानं ऐकला. "तुझ्या घरानं याला घोडा आणि चापान एकदा दिलाय. त्या डोळ्यांचा दंड फिटला. हा दुसरा कसला?"

"दंड कसला, आबा? पाहुण्याचा मान आहे हा."

"मान द्यायचा होता तर दुसऱ्या कुणाच्या हातून द्यायचास. एकदा दंड दिलेल्या हातानं त्याच माणसाला घोडा-चापान पुन्हा देत नाहीत. दिला म्हणजे गुन्हा पुन्हा कबूल केला. एवढंही शिकवलं नाही बापानं तुला?"

"कसला गुन्हा?" एक तरुण पोरगा मागून ओरडला. "घोडीच ना?"

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय," दोरोन म्हणाला. "न्या रे याला सावलीत."

"सांग ना, कर्नल!" बोलोतनं घोडा पुढं आणला. "पोरं विचारतायत. कसला दंड? तारेचा की चाबकाचा?"

सापारला मग तो आवाज आला. चाबूक हवेतून फिरताना येतो तो. माणूस बायकोचा आवाज विसरेल, तो आवाज विसरणार नाही. त्याचे दोन्ही हात आपोआप डोळ्यांवर गेले, ज्या डोळ्यांत आता वाचवण्यासारखं काही नव्हतं. दोरोनचा फटका त्याला बसला नाही. बोलोतच्या तोंडावर बसला. कातडी फाटल्याचा आवाज, घोड्याचं खिंकाळणं, आणि घोड्यावरून झेपावलेला बोलोत दोरोनसकट जमिनीवर आदळल्याचा धक्का सापारच्या तळपायांना जाणवला.

मग जे सुरू झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे पुराला ओघळ म्हणणं. दोरोनची माणसं धावली, बोलोतच्या बाजूनं म्हणावे असे कुणी नव्हते, पण स्वारांना उलाकाचा जोर चढलेलाच होता, त्यांनी घोडे आत घातले. दांडे हाडांवर वाजत होते. कुणाची तरी मांडी मोडली, तो माणूस आईला हाका मारत होता. एक घोडा सापारला धक्का मारून गेला, माइक हातातून उडाला आणि कुठंतरी मातीत पडून शिट्टी मारत राहिला. सापार गुडघ्यांवर आला. दोरी मात्र मुठीतच होती. दंडाचा तो घोडा थरथरत त्याच्याजवळ उभा होता.

आणि मग गर्दी एकदम मागं सरली. मधोमध एक घरघर उरली. ती दोरोनच्या गळ्यातून येत होती. बोलोत त्याच्या छातीवर बसला होता आणि चाबकाचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी त्याच्या नरड्यावर आडवा दाबला होता.

"कुणी जवळ आलं तर मोडून टाकीन," बोलोत म्हणाला. त्याच्या तोंडात रक्त होतं, शब्द बुडत होते. "बाइके, बोल. आता बोल. नाहीतर मी याला मारतो आणि तुरुंगात जातो. मग तू तिथं येऊन मला माफ कर. तिथंही चांगल्या टाळ्या मिळतात म्हणे."

दोरोनच्या टाचा मातीत आपटत होत्या. हळूहळू आपटायला लागल्या. सापारला ती घरघर पातळ होत चाललेली ऐकू येत होती, आणि त्याला भीती वाटली. स्वतःची नाही, दोरोनची तर नाहीच. आपलं एक खोटं आपल्या भावाला खुनी करून सोडणार याची. तो उभा राहिला. त्यानं खांद्यांवरचा चापान काढला, जमिनीवर ठेवला आणि दोरी त्यावर टाकली.

"माम्बेत आबा," तो म्हणाला, "हा चापान परत. हा घोडा परत. पहिला चापान घरी आईच्या पेटीत आहे, तोही आज देतो. पहिला घोडा विकून मी शिकलो. त्याच्या जागी माझ्याकडून दुसरा घ्या. ऐकलंत?"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला. "तुझं तोंड मोकळं आहे, बाळा."

माइक नव्हता. त्याची गरज पडली नाही.

"मला टाप लागली नाही. याच मैदानात दोरोननं मला चाबकानं दोनदा मारलं, दुसऱ्यांदा नीट बघून. बोलोत त्याच्या हाताला लटकला होता. याच्या बोटांची नखं गेली, पण यानं तो हात सोडला नव्हता. मी गाडीत पडलो होतो आणि तुम्ही आत चहा पीत होता." पुढचं वाक्य त्यानं कधीच कुठं घोकलं नव्हतं. "आणि त्या घोडीनं काही केलं नव्हतं. ती नुसती उभी होती."

बोलोतनं दांडा काढला. स्वतःचं नाव ऐकून नाही, घोडीचं ऐकून. तो बाजूला कोसळला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला, एवढी वर्षं दाबून धरलेली मान आत्ता सोडल्यासारखा. दोरोन पालथा होऊन खोकत, ओकत रांगत गेला. त्याला उचलायला त्याची माणसंसुद्धा लगेच पुढं आली नाहीत.

सापार हात पुढं करून रडण्याच्या दिशेनं गेला. "बोलोत," तो म्हणाला. "बाळा."

रडणं थांबलं. पावलं आली. आणि बोलोतची मूठ त्याच्या जबड्यावर अशी बसली की तो पाठीवर पडला आणि पुढचा दात तुटून जिभेवर आला. गर्दीतून बायका किंचाळल्या. आंधळा झाल्यापासून सापारला कुणी मारलं नव्हतं. लोकांनी त्याला हाताला धरलं होतं, जागा दिली होती, चापान घातले होते, पण माणूस समजून मारलं कुणी नव्हतं.

"हे घोडीचं," बोलोत वरून म्हणाला. तो धापा टाकत होता. "हजार लोकांसमोर तू मला माफ केलंस. मी मागितली होती का रे माफी? एकदा तरी?"

"नाही," सापार रक्त थुंकून म्हणाला. "मी मागतो. मला माफ कर."

मातीतला माइक अजून शिट्टी मारत होता. कुणीतरी त्याच्यावर पाय देऊन तो बंद केला.

"त्याचं नंतर बघू," बोलोत म्हणाला. "आधी ऊठ. सगळ्या जगाला तेच शिकवतोस ना?"

त्यानं हात दिला नाही. बुरूल धावत येत होती, तिलाही त्यानं अडवलं. सापारनं मातीत तळवे टेकले, एक गुडघा ओढला, मग दुसरा, आणि तो उठला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.